मोज्याची टाच वळवताना

रानजाई
गेल्या आठवड्यात बाबांसाठी विणलेली पायमोज्यांची सातवी जोडी पोस्टात टाकून आले. घरी आल्यावर हातांना काही काम नाही, म्हणून हा चर्चेचा धागा काढतेय. इथे स्वेटर, शाली, क्रोशाचे रुमाल यांवर भरपूर लिहिलं गेलंय, पण पायमोज्यांवर मला काही सापडलं नाही. विणणाऱ्या बऱ्याच जणी बाळाच्या मोज्यांपाशी थांबतात. मोठ्या माणसाचा, टाच असलेला, गोल विणलेला मोजा हे वेगळंच प्रकरण आहे आणि मला त्याचं वेड लागलंय.

मी नऊ वर्षं जर्मनीत, ट्युबिंगनला राहते. सुलट-उलट शाळेत शिकले होते, कार्यानुभवाच्या तासाला. मोजे मात्र शिकले आमच्या वरच्या मजल्यावरच्या आजींकडून. पहिल्या हिवाळ्यात त्या जिन्यात भेटल्या, माझ्या पायातल्या पातळ सुती मोज्यांकडे पाहिलं, काही न बोलता वर गेल्या आणि राखाडी लोकरीचे मोजे घेऊन खाली आल्या. माझं जर्मन तेव्हा दूध-पाव मागण्यापुरतं. घरात येऊन मोजे घातले आणि टाचेवरून हात फिरवत बसले. कुठे शिवण नाही, कुठे चुणी नाही. नळीसारखं सुरू झालेलं विणकाम मधेच काटकोनात वळतं आणि पुढे पुन्हा नळी होतं, हे जमतं कसं? दुसऱ्या दिवशी तोच मोजा उलटा करून वर गेले आणि टाचेवर बोट ठेवलं. त्यांनी खुर्ची पुढे सरकवली.

जर्मनमध्ये सुलट टाक्याला 'उजवा' म्हणतात आणि उलट टाक्याला 'डावा'. त्या 'डावा' म्हणायच्या, मी डाव्या हाताकडे बघायची. मग त्यांनी माझी सुई धरून टाका घालून दाखवला आणि शब्द कायमचा बसला.

ज्यांनी कधी मोजा विणला नाही त्यांच्यासाठी थोडं सविस्तर सांगते, कारण सगळी जादू टाचेत आहे. माझ्या मापाला, म्हणजे ३८-३९ नंबरच्या पायाला, ६० टाके लागतात. सुया अडीच मिलिमीटरच्या. चार सुयांवर पंधरा-पंधरा टाके आणि पाचवी सुई विणायला. आधी दोन सुलट दोन उलट अशी बॉर्डर, मग नुसतं सुलट, गोल गोल. घोट्यापाशी पोचलं की अर्धे टाके, म्हणजे तीस, नुसते थांबवून ठेवायचे. उरलेल्या तीसांवर पुढे-मागे जात २८ ओळींची एक चौकोनी पट्टी विणायची. ही टाचेची भिंत.

आता त्या तीस टाक्यांचे मनातल्या मनात तीन भाग करायचे, दहा-दहाचे. सुलट बाजूने मधल्या भागाच्या शेवटच्या टाक्यापर्यंत जायचं, तो टाका आणि पलीकडच्या भागातला पहिला टाका एकत्र विणायचा, आणि पुढचे टाके तसेच सोडून तिथूनच मागे फिरायचं. उलट बाजूनेही तेच. दर ओळीला बाजूचा एकेक टाका मधल्या भागात गिळला जातो. पहिल्या चार-पाच ओळींत काहीच दिसत नाही, आपण चुकतोय असंच वाटतं. मग पट्टीचा तळ हळूच खोलगट व्हायला लागतो. वीस ओळींनी बाजूचे सगळे टाके संपतात, सुईवर मधले दहाच उरतात, आणि हातात एक छोटी वाटी असते. अंगठा आत घातला की बरोबर बसतो. आजींकडे हिला 'टोपीची टाच' म्हणतात. माझ्या हातून पहिल्यांदा ती वळली तेव्हा मी सुया खाली ठेवून नुसती बघत होते. आजही, सातव्या जोडीलाही, तिथे आले की मी टीव्ही बंद करते.

दुसरी गोष्ट बाबांची. बाबा एसटीत कंडक्टर होते, सगळी नोकरी उभ्याने. पंजा पसरून रुंद झालाय, टाच मात्र अरुंद. बाजारातला मोजा पंज्यावर ताणला जातो आणि टाचेला सैल राहून बुटात गोळा होतो. संध्याकाळी पाय सुजतात, मग इलॅस्टिकचे वळ दुसऱ्या दिवसापर्यंत जात नाहीत. साताऱ्याला घरात शहाबादी फरशी, डिसेंबर-जानेवारीत सकाळी तिच्यावर पाय ठेववत नाही. मी भावाला सांगितलं, बाबांना वर्तमानपत्रावर उभं कर आणि दोन्ही पावलं पेन्सिलीने काढून कागद मला पाठव. तो कागद अजून माझ्या विणकामाच्या पिशवीत आहे. पस्तीस वर्षं त्या पायांना वाकून नमस्कार केला, पण डावा पाय उजव्यापेक्षा अर्धा सेंटीमीटर लांब आहे आणि डावी करंगळी बाहेर वळलेली आहे, हे मला त्या कागदामुळे कळलं.

अर्धा सेंटीमीटर म्हणजे माझ्या विणीत दोन फेऱ्या. डाव्या मोज्याला दोन फेऱ्या जास्त घातल्या. टाच ६४ टाक्यांच्या हिशेबाने केली, आणि टाच वळल्यावर भिंतीच्या दोन्ही कडांवरून जे जादा टाके उचलतात ते कमी करत ६४ वर आणायचे असतात, तिथे ६८ वरच थांबले. अरुंद टाच आणि रुंद पंजा एकाच मोज्यात बसले. डावा कुठला ते कळावं म्हणून बॉर्डरला आतून लाल धाग्याचा एक टाका घातला. बाबा फोनवर एवढंच म्हणाले, "बुटात असल्यासारखा वाटतच नाही."

तुमच्यापैकी कोण कोण मोजे विणतं? कुठे शिकलात, कुणासाठी विणता, लोकर कुठली वापरता? सगळं लिहा.

मनवेली
वा रानजाई, कागदावरच्या पावलांचं वाचून डोळ्यांत पाणी आलं.

मी नाशिकची. मोठ्यांचे मोजे कधी केले नाहीत, पण बाळंतविड्यातले किती केले त्याची गणती नाही. टोपडं, स्वेटर, मोजे असा तिहेरी संच. आमच्याकडे बाळाचे मोजे दोन सुयांवर सपाट विणतात आणि मग तळव्याला आणि मागे शिवतात. घोट्याशी जाळीची एक ओळ ठेवायची, त्यातून लोकरीची दोरी ओवायची आणि टोकांना गोंडे. दोरी नसेल तर बाळ पाच मिनिटांत मोजा झटकून टाकतं. गोंडे मात्र घट्ट शिवावे लागतात, सगळं तोंडात जातं.

माझ्या नणंदेच्या मुलाचे मोजे तिने जपून ठेवलेत. तो आता इंजिनियर आहे, अकरा नंबरचा बूट घालतो. माझ्या मधल्या बोटाएवढा तो मोजा हातात घेतला की काय वाटतं ते सांगता येत नाही.

प्रश्न : मोठ्यांचा मोजाही दोन सुयांवर विणून शिवला तर चालणार नाही का? चार-पाच सुयांची भीती वाटते.

रानजाई
मनवेली, चालतो, पूर्वी तसेही करत. पण बाळ चालत नाही आणि आपण चालतो, फरक तिथे पडतो. तळव्याखाली किंवा बोटांवर शिवण आली की बुटात ती टोचते, लांब चाललं तर फोड येतो. आणि पाच सुयांची भीती दिसायलाच. कुठल्याही क्षणी तुम्ही दोनच सुयांनी विणत असता, बाकीच्या तीन टाके सांभाळत लोंबकळत असतात. पहिल्या तीन-चार फेऱ्या त्रास होतो, कारण विणकामाला वजन नसतं आणि सुया फिरतात. दोन बोटं रुंद विणून झालं की सगळं स्थिरावतं.

एकच काळजी घ्यायची. एका सुईवरून दुसरीवर जाताना मधे शिडीसारखी सैल रेघ पडते. बहुतेक जणी पहिला टाका जोरात ओढतात. त्याऐवजी दुसरा टाका विणल्यावर धागा ओढून बघा, रेघ नाहीशी होते.

चकोर_पुणे
धागा आवडला, म्हणून मनापासून विचारतो. एका जोडीला किती तास लागतात? रस्त्यावर शंभर रुपयांत तीन जोड्या मिळतात. माझी आईसुद्धा विणायची, तिलाही मी हेच विचारायचो आणि ती उत्तर द्यायची नाही. पुण्यात वर्षातले दहा महिने मोज्यांची गरजही नसते. तरी लोक हे का करतात हे खरंच समजून घ्यायचंय.

रानजाई
चकोर, मला वीस ते पंचवीस तास लागतात. एका मोज्यात अकरा-बारा हजार टाके बसतात, हिशेब करून पाहिलाय. लोकर १०० ग्रॅम, ८-१० युरोंची. पैशांच्या हिशेबात हे कधीच बसणार नाही आणि मी तो घालतही नाही.

पण ते तास मी वेगळे काढत नाही. बसमध्ये, दवाखान्यात नंबर लागेपर्यंत, आईशी फोनवर बोलताना विणते. स्वेटर असा बरोबर नेता येत नाही, मोजा पर्समध्ये मावतो. आणि घातल्यावर जो फरक जाणवतो तो खरा असतो. लोकर स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ तिसरा हिस्सा ओलावा पोटात घेते आणि तरी हाताला ओली लागत नाही. दिवसभर बुटात राहिलेला पाय संध्याकाळी कोरडा निघतो. त्या शंभर रुपयांच्या मोज्यात असं होत नाही.

उलटसुलट
मी ठाण्याची, वय ७२. चाळीस वर्षं शिवण-विणकाम शिकवलं. चकोर, तुमच्या आईने उत्तर का दिलं नाही ते मला माहीत नाही, पण माझ्या आईचं सांगते.

१९६२ च्या चीनच्या युद्धात मी आठ-नऊ वर्षांची होते. आपले जवान त्या थंडीत पुरेशा कपड्यांशिवाय लढताहेत असं सगळीकडे बोललं जायचं. आमच्या वाड्यातल्या बायकांनी दुपारच्या झोपा बंद केल्या. लष्करी हिरव्या रंगाची लोकर यायची, तिचे स्वेटर, कानटोप्या, मोजे. आईला मोजे यायचे म्हणून तिच्याकडे फक्त मोजे. सुया चारच, त्याही विकतच्या नव्हत्या. सायकलच्या चाकाच्या तारा मामाने तोडून दिल्या होत्या आणि दोन्ही टोकं पायरीच्या दगडावर घासून गुळगुळीत केली होती. त्या तारा दोन मिलिमीटर जाडीच्या असतात, मोज्याला अगदी योग्य. तीन सुयांवर टाके, चौथी विणायला. आजही आपल्याकडे चारचाच संच जास्त दिसतो.

आई प्रत्येक जोडी झाली की आत हात घालून, बोटं पसरून, दिव्यासमोर धरून बघायची. कुठे टाका सुटला असेल तर उजेड दिसतो. एकदा टाचेपाशी सुटलेला टाका दिसला. वरून कळतही नव्हतं, दोन टाके मारून झाकता आलं असतं. तिने टाचेपर्यंत सगळा मोजा उसवला. बाबा म्हणाले, कोण बघणार आहे? ती म्हणाली, "बघणार कुणी नाही, पण तो त्याच्यावर उभा राहणार आहे."

त्या सुया माझ्याकडे आहेत. गंजू नयेत म्हणून खोबरेल तेलाचा हात लावून ठेवते.

निळाई_०४
उलटसुलट काकू, नमस्कार करते तुमच्या आईंना.

मला मदत हवीय. सासूबाईंना मधुमेह आहे, डॉक्टरांनी घट्ट मोजे घालू नका असं सांगितलंय. मी एक मोजा करून पाहिला, विणीला सैल झाला, पण तोंडाशी इतका घट्ट की टाचेवरून वर चढेना. कुठे चुकलं? आणि इथे कोल्हापुरात दुकानात बहुतेक अॅक्रिलिकच मिळते, ती चालेल का?

रानजाई
निळाई, टाके घालताना घट्ट झालंय, बाकी काही नाही. दोन सुया एकत्र धरून त्यांच्यावर टाके घाला आणि मग एक सुई ओढून काढा. प्रत्येक टाक्यात जागा राहते. बॉर्डर दोन सुलट दोन उलट ठेवा, ती ताणली जाते आणि परत जागेवर येते, इलॅस्टिक लागत नाही. सासूबाईंसाठी बॉर्डर चार बोटं उंच करा, दाब एका रेघेवर न येता पसरतो. आणि मोजा आतून हात फिरवून तपासा. गाठ कुठेही नको, धाग्याची टोकं विणीत ओवून टाका, गाठ मारू नका. त्या पायांना टोचलेलं कळत नाही, म्हणून हे फार महत्त्वाचं. नवीन जोडी घातल्यावर पहिले काही दिवस रोज रात्री पाय बघा.

अॅक्रिलिकबद्दल उलटसुलट काकूंनी सांगावं.

उलटसुलट
अॅक्रिलिकने हात बसवायला हरकत नाही, स्वस्त असते, उसवून परत वापरता येते. पण पायात घाम धरते. सासूबाईंसाठी खरी लोकर घ्या. 'मोज्यांची लोकर' म्हणून जी मिळते तिच्यात पंचाहत्तर टक्के लोकर आणि पंचवीस टक्के नायलॉन असतं. नुसत्या लोकरीचा मोजा टाचेला लवकर विरतो, नायलॉन त्याला टिकवतं. आता ती इंटरनेटवरून मागवता येते. सुया १२ नंबरच्या घेतल्यात का? त्या पावणेतीन मिलिमीटरच्या असतात, हात सैल असेल तर १३ नंबर घ्या, त्या सव्वादोनच्या.

आपल्या धनगरांच्या दख्खनी मेंढीची लोकर मी एकदा मोज्यांना वापरून पाहिली होती. घोंगडीला तिच्यासारखी दुसरी नाही, पाऊस अंगावर घेते. पण कातडीला फार चरबरीत लागते, मोज्याचं ते काम नव्हे.

सह्यभटक्या
मी विणत नाही, पण मोज्यांवर बोलायला माझ्याकडे आहे. हिमाचलातल्या लाहौलला दोनदा गेलोय, २०१८ मध्ये रोहतांग खिंड चढून आणि २०२२ मध्ये अटल बोगद्यातून. ऑक्टोबर २०२० मध्ये तो ९ किलोमीटरचा बोगदा सुरू होईपर्यंत लाहौल हिवाळ्यात जवळजवळ सहा महिने बाहेरच्या जगापासून तुटायचं. घरात चूल, बाहेर बर्फ आणि बायकांच्या हातात सुया. त्या काळात विणलेले मोजे उन्हाळ्यात विकायला बाहेर यायचे.

लाहौलमधल्या केलाँगला एका बाईंकडून मी एक जोडी घेतली. गडद तपकिरी जमीन, घोट्याच्या वर लाल, पिवळा, हिरवा, पांढरा असे चौकटींचे आणि चांदणीसारखे नमुने. मोजा उलटा केला तर आत प्रत्येक न वापरलेला रंग मागून पुढे नेलेला दिसतो, म्हणजे नमुन्याच्या जागी मोजा दुपटीने जाड. त्या बोलता बोलता विणत होत्या, सुयांकडे एकदाही पाहिलं नाही. नमुना कुठे लिहून ठेवता असं विचारलं तर त्यांनी कपाळाला बोट लावलं. लाहौली मोजे आणि हातमोज्यांना २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय.

रानजाई, तुमच्यासाठी खास : लाहौलमध्ये विणकाम शिकवलं ते मोरावियन या ख्रिस्ती पंथाच्या जर्मन मिशनऱ्यांनी. १८५० च्या दशकात ते केलाँगला येऊन राहिले. त्यांच्यातल्या विल्हेल्म हायडे यांच्या पत्नी मारिया हायडे तिथल्या बायकांना विणायला शिकवायच्या. सुया त्यांच्या, पण लोकर आणि नमुने लाहौलचे. तिथे कपड्यांवरचे आणि विणलेल्या पट्ट्यांवरचे नमुने आधीपासून होते, ते मोज्यांवर उतरले.

रानजाई
सह्यभटक्या, हे मला अजिबात माहीत नव्हतं! आजींना आज संध्याकाळी वाचून दाखवलं. मोरावियन म्हटल्याबरोबर त्यांनी हेर्नहूटचं नाव घेतलं, पूर्वेकडचं झाक्सन प्रांतातलं गाव, त्या पंथाचं मूळ ठिकाण. मग बराच वेळ गप्प होत्या. म्हणाल्या, एवढ्या लांब जाऊन त्या बाईने टाचच शिकवली असणार, बाकीचं बघून येतं.

तुमच्या मोज्याची टाच कशी आहे हो? जवळून फोटो टाका ना.

सह्यभटक्या
मोजे गावी आहेत, दिवाळीत जाईन तेव्हा नक्की.

पोथीवाला
इतिहासाची दोन पानं माझ्याकडून. आज जगभरच्या संग्रहालयांत जे सर्वांत जुने खरेखुरे विणलेले मोजे आहेत, ते इजिप्तमधले, साधारण अकराव्या ते चौदाव्या शतकांतले. थंडीशी त्यांचा संबंध नाही. ते सुती आहेत, पांढऱ्यावर निळीने रंगवलेल्या धाग्याचे पट्टे आणि काहींवर अरबी अक्षरांसारखी नक्षी. ते बोटांकडून सुरू करून वर विणलेले आहेत. म्हणजे, चकोर, उष्ण प्रदेशातही लोकांनी एवढा खटाटोप केला होता.

आणि यंत्राचं. १५८९ मध्ये इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅमजवळच्या कॅल्व्हर्टन गावच्या विल्यम ली यांनी मोजे विणायचं यंत्र केलं. राणी पहिल्या एलिझाबेथने त्याला हक्कपत्र दिलं नाही. हाताने विणून पोट भरणाऱ्यांच्या तोंडचा घास जाईल म्हणून नाकारलं, असं सांगतात. ली शेवटी फ्रान्सला गेले. यंत्र मागाहून पसरलंच. पण जे काम यंत्राने सर्वांत आधी उचललं ते आज कुणीतरी ट्युबिंगनच्या बसमध्ये हाताने करतंय, याचं मला फार समाधान वाटतं.

मनवेली
दोन सुयांवरून पाचांवर आले! बॉर्डर झाली, पाय झाला, आज टाच. रानजाई, तुम्ही लिहिलंत तसंच झालं. सहाव्या ओळीपर्यंत सपाट पट्टी आणि मग एकदम वाटी. यजमानांना हाक मारून दाखवली. त्यांनी अंगठा घालून बघितला.

आता एक अडचण. एक मोजा संपल्यावर दुसरा तोच तसाच करायचा हे मन घेत नाही. माझ्या बहिणीकडे असे तीन एकटे मोजे पडून आहेत.

रानजाई
अभिनंदन!! दुसऱ्या मोज्याचं दुखणं सगळीकडे आहे. आजींचा नियम : पहिल्याचे टाके बंद केले की त्याच रात्री झोपण्याआधी दुसऱ्याचे टाके घालायचे आणि बॉर्डर सुरू करायची. सकाळी सुयांवर काहीतरी दिसतं, हात आपोआप जातो. मी तो पाळते. काही जणी ८० सेंटीमीटरच्या गोल सुईवर दोन्ही मोजे शेजारी-शेजारी विणतात, पण मग गुंडे सांभाळत बसावं लागतं, मला ते मानवत नाही.

अजून एक, पहिल्याच्या फेऱ्या मोजून लिहून ठेवा. पावलाच्या ७० की ७२ हे दुसऱ्याच्या वेळी आठवत नाही.

निळाई_०४
सासूबाईंची जोडी झाली! तोंड सैल, आत एकही गाठ नाही. रोज रात्री पाय बघते, कुठे वळ नाही. त्या काढायलाच तयार नव्हत्या, पण धुतल्यावर घोळ झाला. मशीनमध्ये कोमट पाण्यात टाकले, बाहेर आले ते जाड आणि आखूड होऊन. पाचवीतल्या मुलीला बसतात आता. दुसरे करायला घेतलेत.

उलटसुलट
लोकरीचे तंतू गरम पाण्यात आणि घुसळण्याने एकमेकांत अडकतात, मग ते परत सुटत नाहीत. गार पाणी, रिठ्याचं पाणी सर्वांत चांगलं, न घासता बुडवून ठेवायचे, पिळायचे नाहीत. टॉवेलमध्ये गुंडाळून दाबायचे आणि सावलीत आडवे सुकवायचे. मशीनमध्ये धुता येईल अशी प्रक्रिया केलेली लोकर असते, वेष्टनावर तसं लिहिलेलं असतं, पुढच्या वेळी ती घ्या.

आणि मुलीच्या पायात ते मोजे फार ऊबदार लागतील. वाया गेले असं समजू नका.

रानजाई
या धाग्यावर लिहू की नको असं झालं होतं, लिहितेच.

बाबांची दुसरी जोडी भावाने परत पाठवली, भोक पडलंय, रफू करून दे म्हणाला. मी आजींकडची लाकडी अळंबी आत घातली (हिच्यावर ताणून रफू करतात, आपल्याकडे जुना बल्ब वापरायचे) आणि दिव्याखाली बघितलं. उजव्या मोज्याला काही नाही. डाव्याची टाच बाहेरच्या बाजूने पार विरलेली, आणि अंगठ्याच्या टोकाशी घासून घासून जाळी. पहिली जोडी मागे मी इथे सुट्टीत आणली होती, ती काढून शेजारी ठेवली. तिची झीज दोन्ही पायांना सारखी होती.

म्हणजे मधल्या वर्षात बाबा डावा पाय ओढायला लागलेत. फोनवर कधी बोलले नाहीत, व्हिडिओवर बसलेलेच दिसतात. भावाला सांगितलं, तो म्हणाला, हो, जिना चढताना कठडा धरतात अलीकडे. परवा डॉक्टरकडे नेलं. कमरेच्या मणक्यात नस दबली आहे, व्यायाम दिलेत, महिन्याने परत दाखवायचंय.

रफू करून जोडी पाठवतेय. आठवी सुरू केली. डाव्या टाचेच्या भिंतीत आणि अंगठ्याला लोकरीबरोबर नायलॉनचा बारीक धागा जोडून विणतेय.

उलटसुलट
बाळ, बरं केलंस लिहिलंस. टाचेची भिंत करताना एक टाका न विणता उचलून घ्यायचा, एक विणायचा, फक्त सुलट ओळींना. मागून धागा दुहेरी जातो, भिंत जाड होते. डाव्याला तसंच कर. बाबांना सांग, फरशीवर नुसत्या मोज्यांनी चालायचं नाही, घसरतात.

चकोर_पुणे
मी गेले तीन आठवडे काही लिहिलं नाही. आईची पेटी उघडली. चार सुया होत्या आणि त्यांच्यावर अर्धा मोजा, निळा, घोट्याशी येऊन थांबलेला. आईला जाऊन सहा वर्षं झाली. मापावरून तो माझाच असावा.

मला सुलट-उलट येत नव्हतं, वेगळी लोकर आणून आधी रुमालाएवढे तुकडे विणले. काल आईच्या मोज्याला हात लावला. टाके मोजले, ६४ आहेत. अर्धे ३२, त्याला तीनने भाग जात नाही. तिच्या लोकरीचा गुंडा पेटीतच आहे, पुरेल असं वाटतं. पण चुकलं तर तिचे टाके उसवायचे नाहीत मला. कसं करू?

रानजाई
चकोर, आधी तिच्या शेवटच्या ओळीच्या सगळ्या टाक्यांतून सुईने एक पांढरा शिवायचा दोरा ओवून ठेवा. तुमची टाच दहा वेळा उसवली तरी वीण त्या दोऱ्याच्या मागे जाणार नाही, तिचा एकही टाका हलणार नाही.

३२ चे ११, १०, ११ करा. मधले दहा. भिंत ३० ओळींची ठेवा, म्हणजे नंतर दोन्ही कडांनी पंधरा-पंधरा टाके उचलता येतील. तिचा हात घट्ट होता की सैल ते बघून घ्या, दहा सेंटीमीटरमध्ये किती टाके बसतात ते मोजा. तुमचे त्यापेक्षा कमी बसत असतील तर हात सैल आहे, अर्ध्या मिलिमीटरने बारीक सुई घ्या.

चकोर_पुणे
तिचे ३२. माझे २९. बारीक सुया उद्या आणतो.

दोरा ओवला.